पाणी मुरण्यावरची माझी व्याख्याने आणि बाईंची चप्पल

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हा रिवाजापुरता नाही, सध्या मान वर करायची सोयच उरलेली नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? खोकला थांबला का?

एक कोडे तुझ्याही नजरेस पडले असेल. पाऊस थांबतो, झुडपांखालची माती पाणी पिऊन मोकळी होते आणि तिला खेटून असलेल्या पायवाटेवर मात्र डबके तसेच. पाऊस तोच, माती तीच. मग हा दुजाभाव का? उत्तर मला तोंडपाठ होते. तरीही जे घडले ते ऐक.

आमच्या शाळेच्या छपराचे पाणी पन्हाळीतून मैदानात कोसळायचे आणि गाळासकट वर्गांत शिरायचे. मी भूगोलाचा शिक्षक. पन्हाळीच्या तोंडाशी पसरट खोलगट जागा करू, तीत इथलीच झुडपे नि गवते लावू, त्यांची मुळे मातीत खोल वाटा पाडतील आणि त्या वाटांनी पाणी मुरेल, हे मीच मुख्याध्यापिकाबाईंना पटवले. रोपे तू दिलीस, स्वतः बिया वेचून जिवापाड वाढवलेली. बाईंनी बजावले, "पाणी पुन्हा आत आलं, तर तुमचा खड्डा फरशी घालून बुजवीन." मी हसलो. (ते हसू आता फार बोचते.)

मग मी समजावू लागलो. एकेका वर्गाला त्या जागेत उतरवून, रोपांभोवती गोल उभे करून, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांचे वर्णन केले. ज्यांना कळले नाही त्यांना पुन्हा उतरवले. पालक आले, त्यांनाही. मागच्यांना ऐकू येईना म्हणून सर्वांना पुढे सरकवले. बुटांना चिखल लागल्याची कुरकुर झाली, तर पाय आपटून झटकायला सांगितले, तेही आतच. रोपांना धक्का लागू नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून उभा होतो. आणि आत्या, पोकळ्यांचे महत्त्व ऐकता ऐकता सबंध शाळेने त्या पोकळ्या तुडवून बंद केल्या.

पाऊस आला. खोलगट जागा परातीसारखी भरली आणि पाणी काठावरून वाहून थेट बाईंच्या खोलीत गेले. बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या.

"काय सर, मुरतंय का?"

मी कणांची रचना सांगू लागलो.

"सर, आधी माझी चप्पल शोधा."

शिपाईदादांनी ती तुझ्या रोपांत अडकलेली आणून दिली आणि गंभीरपणे विचारले, "ही पण इथलीच जात का हो?"

तेव्हापासून मी शिक्षकांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून डबा खातो. सोमवारी फरशीवाला येणार आहे. रोपे जिवंत आहेत, पण गळ्यापर्यंत पाण्यात.

तुझा, तोंड दाखवायला जागा नसलेला,
भाचा

ता. क. खरे मागणे असे: माती उकरायचे तुझे अवजार आणि पालापाचोळ्याचे खत घेऊन रविवारी ये. आधी साचलेले पाणी उपसू, मग काठावरून काठावर टाकलेल्या फळीवर बसून, आत पाय न ठेवता माती मोकळी करू. बाई म्हणाल्या, "आत्याबाई बोलणार असतील तर मी थांबते. तुम्ही बोललात, तर फरशी रविवारीच." मी फक्त फळी धरीन.

आणखी एक ता. क. सांगायला जीभ रेटत नाही. पण गेल्या भेटीत तू चहा करत होतीस, तेव्हा तुझ्या परसातल्या एका वाफ्यात पाहुण्यांना उभे करून मी हाच विषय विस्ताराने मांडला होता. कोणता वाफा ते आठवत नाही. माती ओली असताना प्रत्येक वाफ्यात एक पेन्सिल नुसत्या बोटांच्या जोराने खुपसून पाहा. अर्धी आत गेली, तर काळजी नाही. टोक मोडले, तर मी तिथेच बोललो.