रेजिनाच्या दगडासाठी चार ओळी

६ मे, सोमवार. निर्मळ.
उद्या निघायचं. लिस्बन, फातिमा, सांतियागो, लूर्द, रोम. आमच्या चर्चमधली बसभर माणसं आणि फादर ऑर्नेल. दोन कोऱ्या वह्या, चार पेनं घेतली. कपडे मेहुणी भरून गेली.

संकल्प. सत्तावीस तारखेला रेजिनाला जाऊन वर्ष होतं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग कबरीवर नवा दगड. दगडावर चार ओळी माझ्या. बाकी लोक बायबलमधलं वचन टाकतात. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने बायकोच्या डोक्याशी उसनं वचन लावायचं? दगडवाल्या जुजेला सांगून टाकलं, पंधरा तारखेपर्यंत फोनवर ओळी येतील. वृत्त ठरलं आहे: शार्दूलविक्रीडित. भारदस्त. फक्त शब्द राहिलेत.

मेहुणी, म्हणजे ब्रिजिता, तीही येते आहे. कपडे भरता भरता म्हणाली, भावोजी, वर्षभर काय करत होतात? म्हटलं, अशा लेखनाला वातावरण लागतं. इथे समोर पाण्याचा टँकर आणि मागे रिक्षा स्टँड.

८ मे. लिस्बन.
एकट्या पुरुषांना खोली जोडीने. माझ्या वाट्याला इनास तुस्कानो. एसटीचा रिटायर कंडक्टर, भुईगावचा. भला माणूस. बसमध्ये चढताना दारातच उभा राहतो आणि सगळ्यांना पुढे सरका म्हणतो. पोर्तुगीज ड्रायव्हरसुद्धा एकदा सरकला.

फादरांनी माइक फिरवला. आपण कशासाठी आलो, ते प्रत्येकाने सांगायचं. इनासच्या मुलीला मूल होत नाही. दोन वाक्यं बोलला आणि रडला. रडताना चष्मा माझ्या हातात दिला. मग माझी पाळी. रेजिनाविषयीच बोलणार होतो. पण पार्श्वभूमी हवी, म्हणून शाळेच्या १९७४ च्या इन्स्पेक्शनपासून सुरुवात केली. इन्स्पेक्टर जेवायला बसेपर्यंत आलो, तेवढ्यात फादरांनी माइक पुढे दिला. वेळेचं बंधन. भाषण रंगलं मात्र. बरेच जण डोळे मिटून ऐकत होते.

रेजिनाही तशीच ऐकायची. झोप लागत नसली की म्हणायची, मास्तर, वाचा हो काहीतरी. दुसऱ्या कडव्याला घोरत असायची. कवितेचा इतका खोल परिणाम फार थोड्यांवर होतो.

९ मे, गुरुवार. फातिमा.
उद्देश: दर्शन, अश्रू, पहिल्या दोन ओळी. या क्रमाने.

दर्शन झालं. केवढं मोठं पटांगण. लोक गुडघ्यांवर चालत मातेच्या छोट्या चॅपेलकडे जातात. गुडघ्यांना बांधायला पट्ट्या मिळतात. ब्रिजिता गेली. इनास गेला, वाटभर रडत. मी बाजूने उभा चाललो, त्याचा चष्मा सांभाळत. कोणीतरी सांभाळायला हवाच.

अश्रू आले नाहीत. ऊन होतं. उन्हात डोळे कोरडे पडतात, हे शास्त्र आहे.

मग मेणाचे अवयव. बांद्र्याच्या जत्रेतल्यासारखेच. पाय, पोट, डोकं, तान्हं बाळ. जिथे दुखतं ते घ्यायचं आणि मोठ्या भट्टीत टाकायचं. इनासने बाळ घेतलं. ब्रिजिता म्हणाली, भावोजी, तुम्ही काय घेणार? म्हटलं, माझं काही दुखत नाही. ती बघत राहिली. मग लेखनाच्या दृष्टीने मी उजवा हात घेतला.

भट्टीपाशी पाहतो तर ब्रिजिताच्या हातात काळीज. तुझं गं कधीपासून? म्हणाली, माझं नाही. आमच्या ओळखीत एक जण आहे, त्याचं. टाकलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. कोण बिचारा असेल! त्याच्यासाठीही एक नमो मरिया म्हटलं.

प्रगती: पहिला शब्द पक्का. ‘रेजिने’.

११ मे. सांतियागो.
जगभरची माणसं महिना महिना चालून इथे येतात. पायांना फोड, हातात काठ्या. आम्ही एसी बसने. तरी बस फार लांब थांबली, तेव्हा आपणही चालत आलो असं म्हणायला हरकत नाही.

वेदीमागे चढून संत याकोबाच्या पुतळ्याला पाठीमागून मिठी मारायची, अशी रीत. इनासने मारली ती सोडेना. मागे रांग तुंबली. कोणीतरी ओरडलं, कंडक्टर, घंटी मारा! शेवटी दोघांनी सोडवला. मी संताच्या खांद्यावर हात ठेवला. शाळेतल्या जुन्या शिपायाच्या ठेवायचो तसा. काय, बरं आहे ना? एवढंच मनात आलं. मिठी मारायला पुढचा माणूस ओळखीचा लागतो.

मात्र दुपारी चमत्कार! चौकातल्या पायरीवर बसलो आणि अख्खी ओळ आली. सरळ, एका दमात. इतकी सुंदर की मीच दचकलो. शार्दूलविक्रीडित नव्हतं, पण वृत्त काय, कपडे आहेत. इनासला वाचून दाखवली. तो रडला. ब्रिजितालाही बोलावलं. ऐकून तिने पहिल्यांदाच माझ्या दंडावर हात ठेवला. म्हणाली, ताईला आवडली असती.

रात्रीच्या जेवणाला फादरांना ऐकवली. त्यांनी सूप पिता पिता पुढची ओळ म्हणून दाखवली. आम्हाला सातवीला होती, मास्तर. तुम्हीच तर शिकवलीत.

ब्रिजिता टेबलावरून उठून गेली. सूप गार होतं.

१३ मे. बसमध्ये.
दिवसभर प्रवास. प्रार्थनेची माळ तीनदा झाली. इनासने सुकेळी वाटली. आगाशीची केळी, उन्हात वाळवलेली. खात खात विचारलं, मास्तर, बाई कशा गेल्या? मी म्हणालो, दुपारी. त्याने उरलेली सुकेळी पुडीत बांधली. प्रश्नच मोघम होता.

जुजेचा फोन. मास्तर, ओळी? म्हटलं, अंतिम टप्प्यात. म्हणाला, लांब ओळी नका देऊ हो, अक्षर बारीक करावं लागतं, पावसाळ्यात शेवाळ भरतं. म्हणजे शार्दूलविक्रीडित बाद. कलावंताला हे असे अडथळे. ओवी करू. ओवी म्हणजे काय, हात फिरवला की झाली.

‘रेजिने’ काढून ‘हे’ केलं. जास्त सूचक.

१४ मे. लूर्द.
अखेर. इथे जन्माचे लंगडे चालले म्हणतात, आपली तर चारच ओळींची मागणी.

गुहेतून जाताना सगळे खडकावरून हात फिरवतात. इतक्या हातांनी खडक गुळगुळीत झाला आहे. मीही फिरवला. थांबलो. मागच्या बाईने ढकलेपर्यंत थांबलो. गार. ओलसर. दगड आहे.

पवित्र झऱ्याच्या नळावर बाटली भरली आणि रक्तदाबाची गोळी घेतली. ब्रिजिता किंचाळलीच. अहो भावोजी, या पाण्याने गोळी? म्हटलं, गुण लवकर येईल. त्यावर जे सुरू झाली ते थांबेना. नळावर, लोकांसमोर. ताई गेली तेव्हा तुम्ही काय केलंत? फाटकात उभे राहून हजेरी घेतलीत. कोण आलं, कोण नाही आलं. एक टिपूस नाही. आई म्हणायची, कवीला दिलीय पोर, मायेत राहील. माझी बहीण त्या मातीत आहे, तिच्यावर माणसाने लिहिलेली एक ओळ असावी. चार नको मला. एक.

म्हटलं, हजेरी कोणीतरी घ्यायलाच हवी होती. हे बरोबरच आहे. मोठ्या कार्यक्रमात कोण आलं, कोण नाही, याचा गोंधळ होतो.

इनास नळ बंद करत होता. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक बाकी आहे. हजारो ज्योती, व्हीलचेअरवरची माणसं, गाणं. तिथे होणार म्हणजे होणार. इनासने आधीच एक धुतलेला रुमाल देऊन ठेवला. म्हणाला, लाजू नका.

१५ मे, पहाट.
मिरवणूक भव्य. माझ्या मेणबत्तीचं कागदी टोपण पेटलं. रुमाल मेण पुसायला कामी आला.

पुढे इनासच्या खांद्यावर डोकं टेकून एक अनोळखी इटालियन बाई रडत होती. कोणाचं काय, कोणाला माहीत. त्याने विचारलंही नाही. मला वाटलं, हे कसं करतात? म्हणजे सुरुवात कुठून करतात?

१५ मे, दुपार.
जुजेला फोन केला. चार ओळींची जागा सोडून दगड बसव, नंतर कोरता येईल. बरं म्हणाला. जास्त विचारलं नाही. समंजस माणूस. मुदत वाढल्याने आता दर्जा सुधारेल.

ब्रिजिताला सांगितलं. ती म्हणाली, बरं. हे ‘बरं’ जुजेच्यासारखं नव्हतं.

२० मे. रोम.
पुष्कळ चर्चेस. पाय दुखले.
वही उघडली. ‘हे’ पुढे स्वल्पविराम दिला.

२१ मे. रोम.
स्वल्पविराम काढला.

२४ मे. निर्मळ.
पोचलो. घर होतं तसंच. दोन्ही वह्या कपाटात ठेवल्या, जवळजवळ कोऱ्या. पुढे उपयोगी पडतील. विमानतळावर इनासने मिठी मारली. मी त्याच्या पाठीवर थापटलं. म्हणाला, मास्तर, चष्मा. माझ्याच खिशात होता.

२७ मे, सोमवार.
मिस्सा झाली. फादर चांगलं बोलले. माणसं बरीच आली. मोजली नाहीत.

मग कबरीवर. दगड काळा, झकास पॉलिश. वर रेजिनाचं नाव, जन्म, मृत्यू. आणि खाली कोरी जागा. ऐसपैस. मी ब्रिजिताला म्हटलं, बघ, जुजेने शब्द पाळला. चार ओळींची जागा अगदी बरोब्बर सोडली.

ती फुलं लावत होती. वर न बघता म्हणाली, दगड आपण निघालो त्याच आठवड्यात कोरून झाला होता, भावोजी. मीच सांगितलं त्याला, ओळी मागत राहा, फोनवर हो हो म्हण. नवरा-बायकोचा एकच दगड करतात. ती जागा तुमची आहे.

मी म्हटलं, अच्छा.

ती गेल्यावर पुन्हा नीट पाहिलं. पास्कोल आंतोन फुर्ट्याडो. माझं नाव जरा लांब आहे, पण बसेल. खाली जन्म. त्याखाली दुसरी तारीख. मग काठ येतो.

ओळीला जागा उरत नाही.

बराच वेळ उभा होतो. फुलवाल्याने विचारलं, कोणाची वाट बघताय का? नाही म्हटलं. घरी येऊन पेज घेतली.