मागून म्हणणारे आजोबा

तीर्थरूप ताई,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात, पण पूर्ण लांबीचा).

आज सकाळी डोळे मिटून पडलो होतो आणि कानात एकदम टक, टक, टक सुरू झाले. आपल्या मास्तरांची लाकडी पट्टी! मास्तर टेबलावर पट्टी आपटत कवितेची ओळ गायचे आणि पत्र्याच्या छपराखालचा अख्खा वर्ग ती ओळ त्यांच्यामागून म्हणायचा. जो म्हणणार नाही त्याच्या बोटांवर तीच पट्टी. त्या धाकाने काव्याची जी गोडी लागली ती अजून सुटलेली नाही. तू मागच्या बाकावर असायचीस आणि तुझा आवाज पलीकडच्या गल्लीत जायचा. असो. तुझा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर जप. दुखत नसेल तर ताजा कलम वाच.

इकडे सर्व खुशाल, म्हणजे माझ्याशी कुणी बोलत नाही. त्याचे असे झाले. आपली पिपाणी (नात, जन्मली तेव्हा पहिल्या रडण्याने नर्सच्या हातातला ट्रे पडला, तेव्हापासूनचे नाव) हल्ली असे गाते की खालच्या मजल्यावरचा खडूस माणूससुद्धा तेवढ्यापुरता टीव्ही बंद करतो. तिला एकच हौस, आपला आवाज मोठ्या सभागृहात, मोठ्या स्पीकरमधून ऐकायचा. चिरंजीवांनी मात्र ठणकावून सांगितले आहे की सुट्टी संपेपर्यंत काही जमले तर ठीक, नाहीतर गाणे बंद आणि गणिताची शिकवणी सुरू. कुणीतरी म्हणाले, अशा मुलांना एजंट लागतो. मला जन्मात एकच एजंट ठाऊक, आपला विमावाला. त्याला बोलावले. त्याने डोळे पुसत गाणे ऐकले, मुलगी मोठी होणार म्हणाला आणि मग माझे वय विचारले. ते ऐकून बॅग बंद करून निघून गेला.

शेवटी सूनबाईने खरी एजंट शोधली. एक बाई, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, फरशीतून इस्त्रीची ऊब वर येते, भिंतीवर दात काढून हसणाऱ्या पोरांचे फोटो. सोफा असा की बसलेला माणूस गुडघ्यांमधून जगाकडे पाहतो. पिपाणी उभी राहिली आणि मास्तरांनी स्वतः रचलेली, मी तिला शिकवलेली आपली कविता तिने सुरू केली: आभाळाच्या खिशातून पडला ढगाचा रुमाल. काय तो सूर, ताई! बाईंनी हातातला डबा बाजूला ठेवला. आणि ओळ संपताच सोफ्याच्या खड्ड्यातून मी मोठ्याने म्हणालो, आभाळाच्या खिशातून पडला ढगाचा रुमाल.

मी मुद्दाम नाही ग म्हणालो. ओळ संपली की माझे तोंड आपोआप उघडते. बोटांना पट्टी आठवते, त्यात माझा काय दोष? बाईंनी मला बाहेर बसवले. बाहेर आणखी काही आया आपापली गुणी पोरे घेऊन बसल्या होत्या. दुसरी ओळ दारातून ऐकू आली, मी छत्री जमिनीवर आपटून तिच्यामागून म्हटली. तिसऱ्या ओळीला दोन पोरे माझ्याबरोबर म्हणू लागली. चौथ्या ओळीला आयासुद्धा (त्यातल्या एकीचा आवाज फार गोड होता, पण ते असो). तेवढ्यात दार उघडून बाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मुलगी मला हवीय. आजोबा नकोत."

ठरले ते असे की बाई येत्या रविवारी एका संगीतकाराला घेऊन आमच्या घरी येणार, पिपाणीला पुन्हा ऐकणार आणि तेव्हा मी घरात असता कामा नये. म्हणून घरी तालीम झाली. मला तोंडात खडीसाखर देऊन बाथरूममध्ये कोंडले. पिपाणीने पहिली ओळ म्हटली, लगेच दुसरी म्हटली आणि तिसरीच्या मध्यावर तिचा दम संपला. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग उलगडा झाला. मी मागून ओळ म्हणतो तेवढ्यात ती श्वास घेते! लहानपणापासून तिला तीच सवय. सूनबाई बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला अर्धंच गाणं शिकवलंत. उरलेलं अर्धं तुमच्या घशात आहे." पिपाणी रडली. मी खडीसाखर गिळली. तेव्हापासून मला चहा न बोलता मिळतो.

बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तर ताई, तुझा गुडघा शनिवारपर्यंत जोरात दुखायला हवा. तू फोन करून विव्हळ आणि मला बोलावून घे, म्हणजे मी हाकलला गेलो असे न दिसता बहिणीच्या ओढीने गेलो असे दिसेल. एरवी माझा पाय घरातून निघणार नाही. मला तिचे गाणे ऐकायचे आहे ग.

ता. क. २. वाईट वाटून घेऊ नकोस, पण गुडघ्याची गरज आता जास्तच आहे. काल पिपाणी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही मनातल्या मनात म्हणा. मी तेवढा वेळ थांबते." तिने ओळ म्हटली, थांबली, मी ओठ दाबून धरले आणि मनात म्हटले. दम पुरला. शिवाय त्या थांबण्यात अशी काही शांतता आली की सूनबाई भांडी घासायची थांबली. आता मी घरात नसलो तरी चालेल. ही माझी आयुष्यातली एकमेव शिकवणी यशस्वी झाली आणि तिच्यात मी गप्प होतो.

ता. क. ३. शनिवार. पाकीट चिकटवत होतो तोच बेल वाजली. दार उघडले तर दारात तू! हातात पिशवी, दोन जिने चढूनही गुडघा ठणठणीत. सूनबाईने परस्पर फोन करून तुला मला न्यायला बोलावले आहे हे मला आत्ता कळते आहे. हे पत्र तुझ्याच हातात देतो, तिकिटाचे पैसे वाचले. पण ताई, तू उंबऱ्यात चपला काढत होतीस, आत पिपाणीने रुमालाची पहिली ओळ म्हटली, शिकल्याप्रमाणे थांबली, मी ओठ गच्च दाबून धरले, आणि तू एक चप्पल हातात धरून ती अख्खी ओळ अशी म्हणालीस की खालच्या खडूसाने टीव्ही बंद केला.

सूनबाई कपाळाला हात लावून बसली आहे. ती विचारते आहे की आता तुला न्यायला कोणाला बोलावू.