मयत समक्ष हजर

प्रिय वकिलीणबाई,

हा शब्द तुला आवडत नाही, माहीत आहे. पण या घरात सध्या वकील म्हणावं असं दुसरं कुणी नाही, तेव्हा चालवून घे. तुझं अपिलाच्या कागदांचं जाड पाकीट मंगळवारी मिळालं. माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलीनं मारलेल्या फुल्या पाहिल्या. वरची पिवळी चिठ्ठीही वाचली, 'बाबा, नुसत्या सह्या करा, शुक्रवार शेवटचा दिवस आहे, नाहीतर सहा महिने घरी बसाल.' अपिलाकडे येतोच. पण आधी घरची खबर ऐक, कारण फोनवर बोलताना तुझी आई शेजारी उभी राहून हातवारे करत असते आणि मला धड काही सांगता येत नाही.

वकिलीची सनद निलंबित झाली की दारावरची पाटी काढावी लागते. आपल्या पाटीचे स्क्रू गंजलेले, हलेनात. मग तुझ्या आईनं 'वकील' या शब्दावर कागद चिकटवला आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'सध्या नाहीत'. वर माझं नाव तसंच. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे मास्तर तोंड पाडून भेटायला आले. दार मीच उघडलं. बिचारे दोन पायऱ्या मागे गेले, मग सावरून म्हणाले, नाही, ते दारावर वाचलं म्हणून आलो. मी म्हटलं, या, बसा, मी आहे. ते बसले, चहा प्याले, पण निघेपर्यंत माझ्याकडे जरा संशयानंच बघत होते.

खरी पंचाईत वेगळीच आहे. मला कायद्याचा सल्ला द्यायची बंदी. तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? तुझी आई म्हणते, भाजी आणायला गेलात तरी भाजीवाल्याला कलम सांगून येता. आता खालच्या शिवणकामवाल्या बाई येतात, छत गळतंय, वरचा भाडेकरू ऐकत नाही, काय करू? मी तोंड मिटून बसतो. फार झालं तर विचारतो, तुम्हाला काय वाटतं? मग त्या पंधरा मिनिटं बोलतात, आपलं आपणच ठरवतात आणि म्हणतात, किती छान समजावलंत. सोमवारी त्यांनी जावेलाही आणलं. मी जावेलाही तेच विचारलं. तुझ्या आईच्या मते माझी वकिली आत्ता कुठे चालायला लागली आहे.

सुनावणीला तू नव्हतीस, बरंच झालं. शिस्तपालन समितीत तिघं होते. त्यातला एक माझा वर्गमित्र, ज्यानं तीन वर्षं माझ्या वह्या उतरवल्या. तोच सगळ्यात कडक. त्यानं प्रतिज्ञापत्र वर धरलं आणि वाचलं, 'सदर इसमास मी ओळखतो, त्यांनी माझ्यासमक्ष सही केली.' मग चष्मा काढून म्हणाला, वकीलसाहेब, सदर इसम अकरा तारखेला वारले आणि तुमच्यासमक्ष हजर झाले एकोणतीसला. माझ्या वकिलानं उठून बाजू मांडली, की मृत्यूची माहिती आमच्या कार्यालयाला वेळेत मिळाली नव्हती. त्यावर मधल्या बाईंनी विचारलं, मयतालाही मिळाली नव्हती का? मला हसू फुटलं गं. माझ्याच सुनावणीत. निकालपत्रात त्याचा वेगळा परिच्छेद आहे.

असे कागद कसे तयार होतात, तुला ठाऊकच आहे. लांब राहणाऱ्या अशिलाला दर तारखेला हेलपाटा नको, म्हणून आपण पाचसहा कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवतो. लागेल तसा मजकूर टाइप करायचा, खाली आपला शिक्का. सगळेच करतात. तुझ्या अपिलात हा मुद्दा तू फार छान मांडलायस. तो वारलेला अशील म्हणजे लेथ मशीनवाला, सरळ गडी, वर्कशॉपच्या जागेचा दावा, कोऱ्या कागदांवर सह्या ठोकून गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या बायकोला कोर्टातून प्रत गेली, तेव्हा तिला कळलं, की तिचा नवरा गेल्यानंतर अठरा दिवसांनी माझ्याकडे येऊन शपथेवर बोलून गेला.

ती समितीकडे जायच्या आधी माझ्याकडे आली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी तारखांच्या घोळाचं काहीतरी सांगायला लागलो. ती ऐकून घेऊन म्हणाली, तसं नाही साहेब, तुमच्याकडे आले होते ना, मग दिसत कसे होते, एवढंच सांगा. टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, मला आजवर कळलेलं नाही. मी फाइल चाळत बसलो. ती उठली आणि गेली. त्या कागदापायी कोर्टानं जागेवर दिलेली तिची स्थगिती उठली, वर्कशॉपला आता दुसऱ्याचं कुलूप आहे.

आता अपील. तू लिहिलंयस, की हा कागद कारकुनानं परस्पर तयार केला, मला पत्ता नव्हता. बुधवारी कारकुनाला बोलावून वाचून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, करा सही, माझी कसली सनद आहे जायला? साठी उलटलेला माणूस, शिक्का सुलटा की उलटा हेही त्याला दिसत नाही, त्याला दुसरीकडे कोण ठेवणार? आणि पोरी, तो कागद केला त्या दिवशी तो मला म्हणाला होता, लेथवाले चार दिवस फोन उचलत नाहीत, एकदा घरी जाऊन बघून येऊ का? मी म्हटलं, उगाच पेट्रोल कशाला जाळतोस, मार शिक्का.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठीही नाही. अपिलाच्या शेवटच्या पानावर, जिथं माझ्या सहीची जागा मोकळी आहे, त्याच्या खाली तुझी सही आहे. 'वरील मजकूर अर्जदाराने मला समक्ष सांगितला, मी खात्री करून घेतली.' तारीख सोमवारची. सोमवारी मी इथे जावेचं ऐकत बसलो होतो आणि तू तिकडे होतीस. मी तुला काहीच सांगितलं नव्हतं, तू विचारलंच नव्हतंस. तुझ्या सनदेला अजून वर्ष झालं नाही. ते पान मी फाडून टाकलंय, बाकीचे कागद सह्यांशिवाय सोबत परत पाठवतोय. शुक्रवार जाऊ दे. मी सहा महिने घरी बसतो, शिवणकामवाल्या बाई आहेतच. तू रविवारी ये आणि समोर बसून मला विचार, की बाबा, नक्की काय झालं होतं.

तुझाच,
सध्या नुसताच बाबा