आईचा डबा

सोल, १४ मार्च १९९८

ती. सुनिमताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आईने जाण्याआधी शेवटची घातलेली किमची, कोबीच्या तिखट पानांत माशाचे तुकडे भरलेली, नवीन फ्रीजच्या डाव्या खणात ठेवली. तुझ्या अंगणातल्या रांजणात ती उन्हाळ्यात आंबून गेली असती. खरं सांग, माझा फ्रीज बघून तुझा जळफळाट होतोय ना?

ताई, हा साध्या फ्रीजसारखा नाही गं. त्यात पंखा गार वारा फिरवतो आणि दार उघडलं की सगळा गारवा पायाशी सांडतो. ह्याचं झाकण पेटीसारखं वर आहे. गारवा जड, तो तळाशीच बसून राहतो. गार नळ्या खणाच्या चारी भिंतींना गुंडाळल्यात. दोन्ही खणांचे आकडे वेगळे, मुरवायचं बटण वेगळं. परवा इमारतीत दिवसभर वीज नव्हती, तरी आकडा जेमतेम एक अंश चढला. आई अगदी निवांत आहे बघ.

लोभ वाढता ठेव.
तुझी हेजंग


नाजू, २ एप्रिल १९९८

चि. सौ. हेजंगला अनेक आशीर्वाद.

वा गं सोलकरीण! पेटीला नळ्या गुंडाळल्या म्हणून काय आभाळाला हात लागले? तरी खरं सांगते, वाचून जीव भांड्यात पडला.

बाबा जेवताना अजून आईची वाटी शेजारी मांडतात. तिच्यानंतर जेवणावरून त्यांचं मनच उडालंय. वर्षश्राद्धाच्या ताटात तिखट चालत नाही, पण नंतरच्या पंगतीत तोच डबा उघडायचा, असं त्यांनी ठरवलंय. तेवढ्या एका गोष्टीकडे डोळे लावून बसलेत. तोवर हात लावू नकोस, तुला माझी शपथ.

जावईबापूंना आशीर्वाद.
ताई


सोल, २० जानेवारी १९९९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात अर्धा दिवस वीज गेली आणि आईची किमची नासली. टाकून द्यावी लागली. तेव्हाच कळवायचं होतं, पण तुझ्या रागाची भीती वाटली. मुलाची परीक्षा आहे, श्राद्धालाही जमणार नाही. बाबांना तूच सांभाळून सांग.

मला क्षमा कर.
हेजंग


नाजू, १६ फेब्रुवारी १९९९

हेजंग,

आशीर्वाद गृहीत धर.

दिवसभर वीज नसताना एक अंश चढणारा फ्रीज अर्ध्या दिवसात किमची नासवतो होय? तुझं पहिलं पत्र मी जपून ठेवलंय. आणि आईची किमची आंबते बाई, नासत नाही. आंबली असती तर तू तिचं कालवण केलं असतंस.

तरी मी विश्वास ठेवला होता. पण परवा तुझ्या सासूबाईंचा फोन आला. बिचाऱ्या कौतुकाने सांगत होत्या की हेजंगच्या हाताला आईची चव आहे, दर रविवारी सुनेने स्वतः घातलेली किमची आम्ही खातो, पानांत माशाचे तुकडेसुद्धा घालते, गेल्याच महिन्यात डबा संपला. मी हूं हूं करत राहिले. सासूची शाबासकी हवी होती तर मला सांगायचंस, रांजणभर घालून दिली असती गं! आईच विकलीस?

काल पंगत झाली. बाबा हात धुऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसले. माझ्याने सांगवेना. मी माझ्याच हातची वाढली, आईसारखेच माशाचे तुकडे घालून. त्यांनी डोळे मिटून घास घेतला, म्हणाले की हा तिचाच हात. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी दोनदा भात मागून घेतला. मग विचारलं की आणखी किती उरलीय. तुझ्यापायी मीही खोटं बोलले, की अर्धा डबा हेजंगच्या फ्रीजमध्ये आहे.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ते तुझ्याकडे येताहेत. रिकामी बरणी बरोबर घेतलीय. मी येणार नाही. झाकण तू उघडून दाखव.

लोभ असावा, असं ह्या खेपेला लिहवत नाही.
सुनिम