तुळसाच्या दाराची कडी

४ जानेवारी
आले बाई एकदाची मुंबईला! करी रोडच्या चाळीतली खोली लहान आहे, पण माझी एकटीची आहे. दिवसा माटुंग्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन. विषय ऐकून आई अजून हसते, “अपेक्षा, हे कसलं गं संशोधन!” आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेल्या त्या जुन्या कादंबरीतली माणसं व्यक्तिमत्त्वाच्या कसोट्यांवर तपासायची. त्यातली तुळसा म्हणे याच चाळीत राहायची आणि लेखक समोरच्या. दुधात साखर!

मागच्या खिडकीतून नव्या टॉवरच्या पार्किंगची भिंत तेवढी दिसते. प्लग बिघडलाय, म्हणून फोन शेजारच्या मीराबाईंकडे चार्जिंगला. बाई मालवणच्या, मायाळू आणि भोचक. पहिल्याच दिवशी बजावलं, “दिवसाचा दार लावून बसू नको गो चेडवा, हय कोण तसा बसना नाय.” मी स्वभावानंच एकलकोंडी आहे असं सांगून दार लावून घेतलं.

११ जानेवारी
तुळसाला गुण दिले. बहिर्मुखता जवळजवळ शून्य. सबंध कादंबरीत बाई दाराबाहेर येत नाही, कुणाशी बोलत नाही. इतकं सोपं पात्र दुसरं नाही. मजा आली.

१९ जानेवारी
आज चहा पिताना मीराबाईंनी भलतंच सांगितलं. तुळसा खरी होती, राहायची माझ्याच खोलीत. नवरा गिरणीत पाळीला जाताना बाहेरून कडी घालायचा. चाळीत बोलायचे, घुमी आहे, तिला माणसं नकोत. म्हणून कुणी कडी काढली नाही. समोरून लेखकाला बंद दार दिसलं, त्यानं तेवढंच लिहिलं. एकदा पाळीवरून येऊन नवऱ्यानं कडी काढली तर ती दाराशीच पडलेली, गार.

फार वाईट वाटलं. पण कादंबरीत कडीचा उल्लेखच नाही, आणि लेख सोमवारी द्यायचाय. गुण बदलले नाहीत.

२४ जानेवारी
लेख पाठवला. दुपारी दार उघडेना, बाहेरून कडी. मीराबाईंनी काढली, पोरांची मस्ती म्हणाल्या. या मजल्यावर पोरं आहेतच कुठे?

२७ जानेवारी
पुन्हा कडी. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मीराबाई संध्याकाळी आल्या, उलट माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, तूच मघाशी गॅलरीत पाठमोरी उभी राहून सांगितलंस ना, मला हाक मारू नका म्हणून. मी आत होते. दिवसभर आत होते.
भीती वाटते. रविवारी खोली सोडणार.

३० जानेवारी
बॅग भरली. तेवढ्यात बाहेरून कडी पडली. मग दाराबाहेर बांगड्या वाजल्या.
ओरडते तर आवाजच निघत नाही. दारावर मुठी आपटते, लाकूड वाजत नाही —
बाहेर मीराबाई विचारतायत, अपेक्षा का दिसत नाही. उत्तर देणारा आवाज माझा आहे. शब्दही माझेच, लेखातले. ती अंतर्मुख आहे, तिला माणसं —
मीराबाई बरं म्हणाल्या. चपला लांब गेल्या. मीराबाई, कडी काढा हो —

३१ जानेवारी
भिंतीपलीकडे, मीराबाईंकडे चार्जिंगला ठेवलेला माझा फोन वाजतोय. आईच. या वेळेला आईच असते —
तिनं उचलला.
हसतेय. माझ्यासारखीच हसतेय. सांगतेय, मी मजेत आहे गं, कामात आहे, काही दिवस फोन करू नकोस. तुला माहितीये ना, मला आधीपासूनच एकटीला —
आई, ती मी नाही. आई, मला एकटीला नको