वाघाचं सुतक

बालाघाट,
८ नोव्हेंबर २०२५

चि. भोजराज यास,

इकडे सगळे बरे आहेत. छोट्या मंजूचा खोकला थांबला का, ते कळव. फोन केला की तू तो बायकोच्या हाती देतोस, म्हणून कागदावर लिहिते. शेजारचा चैतराम उद्या गावी येतो आहे, त्याच्याजवळ देते.

आमच्या रेल्वे फाटकावरच्या पुलाचं काम पुन्हा थांबलं. परवा एका पुढाऱ्यानं सभेत विचारलं, वाघ मोठा की शेतकरी? टाळ्या पडल्या. रानडुकरं धान तुडवतात, त्यावर मात्र एक शब्द नाही. मी बी.एस्सी. केलं तेव्हा उपग्रह पुस्तकातल्या चित्रात होता. आता वाघाच्या गळ्यातला पट्टा थेट उपग्रहाशी बोलतो. पेपरात आलं आहे की तसा एक पट्टा दिवाळीआधी तुमच्या नाल्याजवळ गप्प झाला. पट्टा बिघडला असेल, वाघ पुढे गेला असेल, असं लोक म्हणतात. मीही तेच म्हणत होते.

मग करंटनं वाघ मारून पुरल्याच्या संशयावरून वनविभागानं सुखरामला उचललं. त्याचं वावर नाल्याला लागून, तुझ्या बांधाला बांध.

काल त्याची बायको गोदाबाई आली. रडली नाही. ओट्यावर बसून एवढंच म्हणाली, "ताई, आमच्या वावरात ना मोटार, ना खांब. मंग यायनं करंट सोडला कुठून?"

मी चहा ठेवायला आत गेले.

खांब तुझ्या वावरात आहे, भोजराज.

भाऊबीजेला तू मिशी उतरवून आलास. "न्हाव्यानं बिघडवली, मंग काढूनच टाकली," म्हणालास. बिनमिशीचा कलेक्टर दिसून राह्यला, असं म्हणून मी हसले आणि ओवाळलं. करंजीला तू हात लावला नाहीस. पोटाचं कारण सांगितलंस.

आपल्या घरात वाघ मेला की घरचं माणूस गेल्यासारखं पाळतात. रानात मेलेला वाघ दिसला तेव्हा बाबांनी नदीवर जाऊन मिशी उतरवली होती. कितीतरी दिवस गोड खाल्लं नव्हतं. त्यांचा टॉवेल धरून तूच काठावर उभा होतास.

तार तू डुकरांसाठी लावलीस, हे मला माहीत आहे. तेच वनविभागाला सांग. वाघ पुरून टाकलास आणि सुतकही पाळलंस. म्हणून तर तुझी आशा अजून सोडली नाही.

मंगळवारी सुखरामला कोर्टात नेणार आहेत. सोमवारी सकाळच्या गाडीनं ये. वकील पाहून ठेवला आहे. मी स्टँडवर थांबेन आणि तुझ्यासोबत चालेन. तू उतरला नाहीस, तर घरी परतणार नाही. तिथूनच वनविभागाच्या कार्यालयात जाईन.

शेवटी आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो लिहीत नाही. सोमवारी समोर आलास की देईन.

तुझी ताई,
अंजना