टोपीखालचा मलिदा

आदरणीय एस्तेरताईंना,

हौगांगहून अभयचा शालोम. तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका, असं सुलेखा तुम्हाला दर फोनवर सांगायची. धाकट्या बहिणीचं ते काम आता माझ्याकडे आलं आहे, म्हणून सांगतो, चढू नका. (तुम्ही तिचं ऐकत नव्हता, माझं ऐकाल अशी आशा नाही.) मी बरा आहे. जेवतो. इरा दुपारी ऑफिसातून फोन करून काय जेवलात ते विचारते आणि मी सांगितलेलं खरं मानत नाही. एकूण आम्ही बापलेक व्यवस्थित आहोत.

पत्राचं कारण आपल्या ज्यू मुलांचा कॅम्प. इथे विषुववृत्तापाशी बारा महिने उन्हाळा असतो, तरी त्याला समर कॅम्प म्हणतात आणि तो जूनच्या सुट्टीतच भरतो. समुद्राकाठचा तो जुना बंगला तुम्ही पाहिला आहे. त्याच्या स्वयंपाकघरात सुलेखा दर जूनमध्ये शंभर पोरांना वरणभात वाढायची आणि त्यांच्यावर ओरडायची. आता बंगल्याची दुरुस्ती निघाली आहे. समितीने ठरवलं आहे की जुन्या आठवणी आणि परंपरा जपायच्या. जपायला जागा लागते, म्हणून स्वयंपाकघर पाडायचं आणि तिथे आठवणींचं दालन करायचं. (जेवण बाहेरून डब्यांत येईल.)

हे मला विक्रांतने सांगितलं. तो पुण्याचा आर्किटेक्ट, ऑफिस वन-नॉर्थला, आराखडे तोच करतो. मराठी बोलणारा ज्यू पाहून त्याला इतका आनंद झाला की पहिला अर्धा तास तो माझेच फोटो काढत होता. मी विचारलं, स्वयंपाकघर ठेवता येणार नाही का? तो म्हणाला, “काका, नुसत्या ओट्याला कोण विचारतं? तिथला एखादा जुना विधी असेल तर बोला. जुना म्हणजे आजी-पणजीच्या वेळचा.” मी मलिदा सांगितला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, भोवती फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने. “तो तुमच्यात सगळीकडेच होतो ना? इथलं खास काय?” आणि मग त्यानेच विचारलं, “टोप्यांचा काय प्रकार आहे? पोरं सांगत होती.”

टोप्यांचा प्रकार तुम्हाला ठाऊक नसेल, कारण त्याचा उगम साळुंक्यांत आहे. मलिदा स्वयंपाकघराच्याच मागच्या व्हरांड्यात वाढला जायचा, आणि प्रार्थना संपेपर्यंत साळुंक्या ताटल्यांतली केळी पळवायच्या. इथल्या साळुंक्या माणसाला भीत नाहीत, फक्त सुलेखाला भ्यायच्या, पण ती एकटी किती ठिकाणी पुरणार? पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जूनमध्ये ती ओरडली, “टोप्या काढा आणि ताटल्यांवर ठेवा!” पोरांनी ठेवल्या. मग उघड्या डोक्याने प्रार्थना कशी म्हणायची, असं कुणीतरी विचारलं. “मग डावा हात डोक्यावर घ्या! तो काय शोभेला दिलाय?” तेव्हापासून दर वर्षी शंभर मुलं एक हात डोक्यावर आणि एक टोपीवर ठेवून उभी राहतात. त्या वेळची पोरं आता आईबाप झाली आहेत आणि आपल्या मुलांचा हात खाली आला की रागावतात. एका पाहुण्या पंडितांनी तर त्यावर भाषण केलं की अन्नापुढे माणसाने आपला मान उतरवून ठेवावा, असा याचा गूढार्थ आहे. सुलेखा आतून भांडी घासत म्हणाली, “साळुंक्यांना सांगा म्हणावं.”

ताई, मी जन्मभर ऑडिट केलं. डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर कधी सही केली नाही. पण आम्ही उभे होतो त्या ओट्याच्या कडेला तिची कढई अजून पालथी होती. मी विक्रांतला सांगितलं की हा विधी कोकणातला, नागावचा, सुलेखाच्या आजीपासून चालत आलेला. त्याने ते लगेच लिहून घेतलं. इरा शेजारी होती. नंतर म्हणाली, “पपा, असं एनीहाऊ, मनाला येईल तसं बोलता येत नाही, लाह!” पण समिती फार हेलावली आणि स्वयंपाकघर वाचलं. फक्त तिथे स्वयंपाक होणार नाही, फलक लागेल. एवढंही मला पुरे आहे.

फलकावर सुलेखाचं नाव घालाल का, असं मी विचारून पाहिलं. नियमात बसत नाही म्हणाले. कुटुंबातल्या अलीकडच्या माणसांची नावं घालू लागलो तर प्रत्येक जण आपली मावशी घेऊन येईल. नाव फक्त परंपरेच्या मूळ व्यक्तीचं. नियम योग्य आहे, मी समितीत असतो तर हाच केला असता.

प्रकृतीला जपा.

तुमचा,
अभय

ता.क. समितीला दुसरा साक्षीदार हवा आहे, म्हणून विक्रांत रविवारी तुम्हाला व्हिडिओ कॉल करील. तुम्ही खोटं बोलत नाही हे मी जाणतो. आमच्या लग्नाच्या बोलणीत तुम्हीच माझ्या वडिलांना “मुलगी तापट आहे” असं बजावलं होतं. तरी रविवारी नुसतं “हो” म्हणा. टोपी कसली, कुणाची, असं खोलात शिरला तर गुडघ्याचं सांगत बसा.

दुसरा ता.क. तो आजीचं नाव विचारील. ते शेगुलाबाई होतं, हे मला ठाऊक आहे. मी त्याला सुलेखा सांगितलं आहे आणि फलक कोरायला गेला आहे. शेगुलाबाईंची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. तुम्ही फक्त ‘सुलेखा’ म्हणताना रडू नका. आजीसाठी इतक्या वर्षांनी कुणी रडत नाही, विक्रांतला संशय येईल.